नकाराची लाट

सव्वीस वर्षं शैलजा आवटी लोकांच्या डोक्याला तारा चिकटवत आली होती. त्या डोक्यांत काय चाललंय हे जाणून घ्यायची वेळ मात्र तिच्यावर कधी आली नव्हती. मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात ती ईईजी तंत्रज्ञ होती. कुणाला फिट यायची, कुणी अपघातातून उचलून आणलेला असायचा. केस बाजूला करायचे, टाळू पुसायची, पांढऱ्या पेस्टने एकेक इलेक्ट्रोड बसवायचा आणि पडद्यावर मेंदूच्या रेघा उमटायला लागल्या की तो आलेख डॉक्टरांकडे पाठवायचा. अर्थ लावायचा तो त्यांनी.

हे बदललं ते भूपाल खोतांमुळे. अर्धांगवायूच्या मोठ्या झटक्यानंतर खोतांचं सगळं शरीर थिजलं होतं. जीभ नाही, हात नाही, पापणीसुद्धा मनासारखी हलत नव्हती. बायकोला एवढंच विचारायचं होतं, की आत माणूस शिल्लक आहे का. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. रूथ साळवे बरीच वर्षं एका गोष्टीच्या मागे होत्या. त्यांनी शैलजाला तारा लावायला सांगितलं आणि स्वतः खोतांच्या कानाशी वाकून एकेक वाक्य म्हटलं.

“तुमचं नाव भूपाल.” रेघ सरळ चालत राहिली.

“तुमचं नाव रामचंद्र.” रेघेने एक खोल गचका खाल्ला.

“तुम्हाला इथंच राहायचंय.” पुन्हा गचका, आधीपेक्षा मोठा.

“तुम्हाला घरी जायचंय.” रेघ सरळ.

खोतांच्या बायकोने नवऱ्याचे पाय धरले आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

डॉक्टरबाईंनी शैलजाला नंतर समजावून सांगितलं होतं. आपण वाक्य ऐकतो तेव्हा मेंदू नुसता ऐकत बसत नाही, पुढे काय येणार याचा अंदाज बांधत दोन पावलं पुढे पळत असतो. ‘मी चहात साखर’ एवढं कानावर पडलं की ‘घातली’ हा शब्द त्याने तयार ठेवलेला असतो. पण कुणी म्हणालं, ‘मी चहात मोजे घातले’, की मेंदूला ठेच लागते. त्या ठेचेची एक विद्युत लाट उठते, बरोबर चार दशांश सेकंदात. माणसाला ती थांबवता येत नाही, कारण त्याला ती कळायच्या आत येऊन गेलेली असते. वाक्य व्याकरणाने अगदी शुद्ध असलं, पण ऐकणाऱ्याच्या मताविरुद्ध असलं, तरी तीच लाट उठते. हे संशोधकांना जुनंच माहीत होतं; फक्त ती लाट सापडायला एकच प्रकारची वाक्यं शंभर-शंभर वेळा ऐकवून सरासरी काढावी लागे. साळवेबाईंनी गणिताची अशी चाळण बसवली, की एकदा ऐकवलेल्या एका वाक्यावरून ती लाट ओळखता येऊ लागली. बाईंनी तिला नाव दिलं, नकाराची लाट.

शैलजाने घरी येऊन नवऱ्याला हे सगळं उत्साहाने सांगितलं. सुकुमार आवटी सांगलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत असे. जगातल्या कुठल्याही विषयावर त्याचं मत असे आणि ते मोठ्या आवाजात असे.

“म्हणजे त्या खोतांना आता तोंड न उघडता नाही म्हणता येईल,” तो म्हणाला. “फारच मोठं काम झालं, शैला.” मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्याने विचारलं, “पण ज्याला नाही म्हणायचंच नसेल, नुसतं गप्प बसायचं असेल, त्याचं काय?”

“त्याला कोण कशाला तारा लावेल?” शैलजा म्हणाली.

*

पाच वर्षांनी तारा गेल्या आणि कपाळावरून कानांमागे नेऊन बांधायची पट्टी आली. हाताच्या चार बोटांएवढी रुंद, आतून सोळा इलेक्ट्रोड. साळवेबाईंचं तंत्र एका कंपनीने घेतलं होतं. त्याच सुमारास दूरच्या समुद्रात दोन देशांचं युद्ध पेटलं, आपल्याकडच्या बंदरांवरून त्यांतल्या एकाला दारूगोळा जाऊ लागला, त्यावरून मोर्चे निघाले, मोर्च्यांत धर्म शिरला आणि तीन शहरांत दंगली झाल्या. मेलेल्यांची मोजदाद अजून चालू असतानाच सलोखा कायदा आला.

कायद्याचं म्हणणं साधं होतं. ज्यांच्या हातात मुलं, रुग्ण, प्रवासी, हत्यारं किंवा सरकारी कागद आहेत, त्यांच्या मनात समाजाविषयी विष नाही एवढी खात्री लोकांना मिळायला हवी. वर्षातून एकदा पट्टी बांधायची, एकशे वीस वाक्यं ऐकायची. काही बोलायचं नाही, कसली कबुली द्यायची नाही. सभागृहात विरोधकांनी मौनाच्या हक्काचा मुद्दा काढला, तेव्हा उत्तर मिळालं की मौन तसंच शाबूत आहे. उलट चाचणीत तर मौनच सक्तीचं आहे. सरकारी वाक्य लाटेविना पार झालं की गुण मिळायचा; शंभरात सत्तरच्या वर गुण म्हणजे हिरवा दाखला. खाली आलात तर लाल.

शैलजाची सांगलीच्या सलोखा केंद्रावर प्रमुख म्हणून बदली झाली. जिल्ह्यात नकाराची लाट तिच्याइतकी दुसऱ्या कुणी पाहिलेली नव्हती.

“घेऊ का?” तिने सुकुमारला विचारलं.

“तू नाही घेतलीस तर दुसरं कुणी घेईल,” तो म्हणाला. “पण हे वाक्य जगात कुणी कुणी कधी कधी म्हटलंय, हे मी वर्गात शिकवतो. तेवढं लक्षात ठेव.”

तिने ते लक्षात ठेवलं आणि बदली घेतली.

पहिल्याच वर्षात गाव बदललं. लाट लपवता येत नाही आणि दाबताही येत नाही. मग एकच उपाय उरतो, मतच होऊ द्यायचं नाही. लोकांनी वर्तमानपत्रं बंद केली. चहाच्या टपरीवर कुणी युद्धाचं नाव काढलं की बाकीचे कप ठेवून उठायचे. आपल्या कानावर काही पडलं, ते मनात रुजलं आणि जानेवारीत पट्टीखाली उगवलं तर काय घ्या! आयांनी मुलांना इतिहासाच्या पुस्तकातलं फक्त परीक्षेपुरतं वाचायला लावलं. माणसं पावसापाण्यावर, दुखण्याखुपण्यावर, लग्नाच्या जेवणांवर तासन्‌तास बोलू लागली.

आवट्यांच्या घरातही तेच झालं. इतकी वर्षं रात्रीचं जेवण म्हणजे सुकुमारचं भाषण आणि त्यात शैलजाची हूं, हूं. आता ती हात वर करायची.

“अहो, मला नका सांगू. ऐकलं की डोक्यात राहतं.”

“डोकं त्यासाठीच असतं, शैला.”

“माझी चाचणी आहे. ऋजुताची आहे. नका ना.”

ऋजुता, त्यांची एकुलती एक मुलगी, नागपूरला डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होती. सरकारी जागेसाठी आता घरातल्या सगळ्यांचे दाखले जोडावे लागत. सुकुमार तोंड उघडायचा, मुलीचं नाव ऐकून मिटायचा आणि ताटात बघत जेवायचा.

*

ऑगस्टमध्ये रुग्णालयातल्या परिचारिकांची पाळी आली आणि शैलजाच्या समोर रेहाना मुजावर येऊन बसली.

रेहाना आणि शैलजा एकाच महिन्यात नोकरीला लागल्या होत्या. तीसेक वर्षं दोघींनी एकाच बाकावर डबे उघडले होते. ऋजुता सहा वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला, तेव्हा शैलजा स्वतः काविळीने दुसऱ्या वॉर्डात पडली होती आणि सुकुमारला निवडणुकीच्या कामाला पाठवलं होतं. आठ दिवस रेहाना आपली ड्युटी संपवून मुलीच्या खाटेशी बसायची. घरी जायची ती फक्त अंघोळीला.

“घट्ट बांध गं,” रेहाना हसून म्हणाली. “परवा आमच्यातल्या एकीला तुझ्या त्या पोरीने इतकी सैल बांधली होती, की दोनदा काढून बांधावी लागली.”

शैलजाने पट्टी बांधली. वाक्यं सुरू झाली. पहिली तीस-पस्तीस नीट गेली. मग आलं, ‘या देशात पोलिसांसमोर सगळे सारखे असतात.’

रेघेने घेतला तेवढा मोठा गचका शैलजाने खोतांनंतर कधी पाहिला नव्हता. दंगलीत पकडलेल्या रेहानाच्या भावाला पोलीस ठाण्यातून तीन दिवसांनी घरी पाठवलं होतं, ते शैलजाला माहीत होतं. तो अजून डावा हात वर करू शकत नव्हता. पुढच्या वाक्यावर पुन्हा गचका. त्याच्या पुढच्यावर पुन्हा.

कानामागचा इलेक्ट्रोड केसभर सैल केला असता तर लाट अर्ध्यावर आली असती. हे सांगलीत फक्त शैलजाला ठाऊक होतं. पट्टी नीट करायच्या निमित्ताने दोन सेकंद पुरले असते. तिचा हात पुढे झाला. भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे तिचं लक्ष गेलं. तिने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

चव्वेचाळीस गुण. रेहानाला वॉर्डमधून काढून धोबीखान्यात पाठवलं. चादरी मोजायला आणि बांधायला. डबा खायच्या बाकावर ती आता येत नाही, असं शैलजाला रुग्णालयातल्या ओळखीच्यांकडून कळलं. शैलजाने एकदा मिरजेला जाऊन ‘रागावलीस का?’ विचारलं, तेव्हा गठ्ठ्याची गाठ मारता मारता ती म्हणाली, “तू काय करणार होतीस? मशीनने केलं.” तिच्या स्वरात राग नव्हता, हे शैलजाला जास्त लागलं.

*

जानेवारीत केंद्रातल्या माणसांची स्वतःची चाचणी झाली. शैलजाला पट्टी बांधली ती तिच्या हाताखाली तयार झालेल्या पल्लवी निंबाळकरने. शैलजाची रात्रीची झोप उडाली होती. सुकुमारबरोबर सत्तावीस वर्षं काढलेलं डोकं. त्यात काय काय साठलं असेल! सत्तर मिळाले तरी पुष्कळ, असं ती धरून चालली होती.

“सत्त्याण्णव!” पल्लवी म्हणाली. “मॅडम, जिल्ह्यात पहिल्या!”

केंद्रातल्यांना स्वतःचा तपशीलवार आलेख बघता येई. तिने तो घरी नेला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. एक्केचाळिसावं वाक्य होतं, ‘ज्याने त्याने आपल्या समाजाच्या वस्तीत राहिलं की सलोखा टिकतो.’ रेघ सरळ. डोंगर नाही, खड्डा नाही. बेचाळिसावं वाक्य मुद्दाम उलटं टाकलेलं होतं, लाट उठली तरच गुण, ‘परधर्माच्या माणसाच्या हाती मी माझं मूल निर्धास्त सोपवीन.’ तिथे लाट होती. छोटी, पण स्वच्छ. शिकाऊ मुलांना दाखवायला घ्यावी अशी.

शैलजाने तो कागद दुमडला. मग उघडला. ज्या बाईने तिचं मूल आठ दिवस सांभाळलं, तिचा चेहरा आठवून तिने ते वाक्य स्वतःशीच म्हटलं. होय, सोपवीन. सोपवलं होतं. मग आत नाही कोण म्हणालं?

दुसऱ्या दिवशी ती साळवेबाईंकडे गेली. बाई निवृत्त होऊन एकट्याच राहत होत्या. त्यांनी चष्मा लावून आलेख शेवटपर्यंत पाहिला.

“बाई, मी अशी आहे का हो?” शैलजाने विचारलं.

“ही लाट तू कशी आहेस ते सांगत नाही. तुझ्या मेंदूला काय ऐकायची सवय झालीय एवढंच सांगते.” बाईंनी चष्मा काढला. “तुझ्या केंद्रात ते एक्केचाळिसावं वाक्य दिवसाला किती वेळा वाजतं?”

“पन्नास. साठ कधीकधी.”

“वर्षाला पंधरा हजार झाले. शिवाय टीव्ही आहे, रिक्षातला रेडिओ आहे, लग्नाच्या पंगती आहेत. गुळगुळीत झालेल्या पायरीवर ठेच कशी लागेल? खोतांच्या वेळी मी नाव-गाव विचारत होते, तिथे सवय आणि सत्य एकच होतं. मतांच्या बाबतीत ते तसं नसतं. मला हे फार उशिरा कळलं.”

“मग तुम्ही सांगितलं का नाहीत त्यांना?”

“सात पत्रं लिहिली. शेवटी समितीने बोलावलं. मी म्हटलं, हे यंत्र श्रद्धा मोजत नाही, सवय मोजतं. अध्यक्षांना इतका आनंद झाला, शैलजा! ते म्हणाले, डॉक्टर, म्हणजे सवय लावली की माणूस सुधारतो म्हणा की!” बाईंनी कागदाची घडी तिच्या हातात दिली. “श्रवणवर्ग येताहेत. ती कल्पना त्यांना मी दिली. माझ्या तोंडाने.”

*

श्रवणवर्ग मे महिन्यात सुरू झाले आणि जूनमध्ये शिक्षकांची चाचणी लागली. लाल दाखला मिळाला तर नव्वद दिवस रोज चार तास हेडफोन लावून बसायचं. त्यातून वाक्यं ऐकवली जात. वेगवेगळ्या आवाजांत, गोष्टींत गुंफून, कधी पोवाड्याच्या चालीवर, कधी एखाद्या आजीच्या प्रेमळ सुरात. लाट सपाट होईपर्यंत. वर्गाला नकार दिला तर नोकरी जाणार आणि घरातल्या सगळ्यांचे दाखले रद्द.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी शैलजा सुकुमारच्या शेजारी जाऊन बसली.

“उद्या मला त्या खोलीत येऊ देणार नाहीत. पण पल्लवी असेल. मी तिला सांगते. कानामागचा एक इलेक्ट्रोड सैल बसवला की लाट दबते. कुणाला कळत नाही.”

सुकुमारने तिच्याकडे पाहिलं. “हे तुला आधीपासून माहीत होतं?”

“हो.”

“रेहानाताईंच्या वेळी बसवला होतास सैल?”

त्या घरात पट्टी नव्हती, पण शैलजाला वाटलं, आपल्या डोक्यातली रेघ न् रेघ त्याला दिसतेय.

“मग माझ्यासाठी नको,” तो म्हणाला.

तेव्हा तिने त्याला तो आलेख दाखवला. सत्त्याण्णव गुण, एक्केचाळीस, बेचाळीस, सगळं. तो रागावेल, हसेल, काहीतरी मोठं बोलेल, असं तिला वाटलं होतं. त्याने कागद वाचला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आजारी माणसाच्या फिरवतात तसा.

सुकुमारला एकतीस गुण मिळाले. दोन दिवस त्याने विचार केला. तिसऱ्या दिवशी ऋजुताचा फोन आला. ती फक्त रडली, बाबांना काही म्हणाली नाही. फोन ठेवल्यावर त्याने श्रवणवर्गाच्या अर्जावर सही केली.

“कानच देतोय,” तो म्हणाला. “बाकीचं माझ्याजवळच राहील.”

पहिला महिना तो घरी येऊन रोज भांडायचा. कुणाशी नाही, त्या वाक्यांशी. अंघोळ करताना, चपला काढताना, एकेका वाक्याला उत्तर द्यायचा, दाखले द्यायचा, आवाज चढवायचा. दुसऱ्या महिन्यात आवाज उतरला. तिसऱ्या महिन्यात तो संध्याकाळी गॅलरीत बसून रस्ता बघायचा. सप्टेंबरअखेर पुन्हा चाचणी झाली. अठ्ठ्याऐंशी. ऋजुताने नागपूरहून पेढे पाठवले.

त्या आठवड्यात टीव्हीवर बातमी होती, की युद्धातल्या त्या दूरच्या देशात शाळेवर बॉम्ब पडला आणि बॉम्बच्या तुकड्यांवर आपल्याकडच्या कारखान्याचा शिक्का सापडला. कुणी अधिकारी सांगत होता की दुसऱ्यांच्या भांडणात आपण आपलं हित बघायचं असतं. शैलजाने नवऱ्याकडे पाहिलं. वर्षभरापूर्वी त्याने रिमोट भिंतीवर आपटला असता.

“शैला,” तो हळूच म्हणाला, “इथे मी चिडायला हवं, नाही का?”

“हो.”

“मला कळतंय ते. का चिडायचं त्याची कारणंही पाठ आहेत, वर्गात शिकवलीत मी. पण चीड येत नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल चावून बघावा ना, तसं वाटतंय. चावतोय, पण माझा गाल नाहीच तो.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “तसं बरंही वाटतं.” आणि त्याने चॅनल बदललं.

*

नोव्हेंबरमध्ये रेहाना निरोप घ्यायला आली. ती नोकरी सोडून भावाकडे विजापूरला चालली होती. सुकुमारने दार उघडलं, ‘या’ म्हणाला, हवापाण्याचं विचारलं आणि सभ्यपणे आतल्या खोलीत निघून गेला. एरवी तो रेहानाला वाद घालायला दोन तास बसवून ठेवायचा. रेहानाने आत जाणाऱ्या त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि ती शैलजासमोर बसली.

चहा निवेपर्यंत शैलजा कशीबशी थांबली. मग तिने सगळं सांगितलं. कानामागचा इलेक्ट्रोड. मांडीवर ठेवलेला हात. मग बेचाळिसावं वाक्य आणि त्यावरची ती स्वच्छ लाट.

रेहानाने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं.

“हाताचं मला माहीत होतं,” ती म्हणाली. “समोरच्या काचेत तुझा हात दिसत होता. पुढे आला आणि मागे गेला.”

“मग तू बोलली का नाहीस इतके दिवस?”

“तू बोलशील म्हणून थांबले.” तिने कप खाली ठेवला. “ती लाट-बिट मला सांगू नकोस, शैला. तुझ्या पोरीजवळ मी आठ दिवस बसले, तेव्हा काय माझ्या डोक्याला विचारून बसले होते? डोकं म्हणत होतं, घरी जा, तुझी पोरं वाट बघताहेत, ही लोकं उद्या तुला ओळख देणार नाहीत. डोक्यात काय, काहीही येतं. मी बसले होते, एवढंच खरं. आणि तू हात मागे घेतलास, तेही तेवढंच खरं.”

जाताना तिने शैलजाला मिठी मारली नाही. दारात उभं राहून ‘पोरीला जप’ एवढं म्हणाली आणि जिना उतरली.

*

जानेवारीत शैलजा पुन्हा पट्टीखाली बसली. ऋजुताला तिने आदल्या दिवशी फोन केला होता. सगळं ऐकून ऋजुता म्हणाली होती, “आई, तुझे सत्त्याण्णव आहेत. तुला नुसतं गप्प बसायचंय. एवढंही जमणार नाही तुला?” पोरीची शेवटची परीक्षा चार महिन्यांवर होती.

पल्लवीने पट्टी बांधली. वाक्यं सुरू झाली. शैलजा डोळे मिटून ऐकत होती. आत कुठेच काही हलत नव्हतं. वाक्यं तेल लावल्यासारखी सरकत होती आणि तिला कळत होतं, की रेघ सरळ चालली असणार, मागच्या वर्षीपेक्षाही सरळ. एक्केचाळिसावं आलं.

‘ज्याने त्याने आपल्या समाजाच्या वस्तीत राहिलं की सलोखा टिकतो.’

“नाही,” शैलजा म्हणाली.

पल्लवी दचकली. “मॅडम, बोलू नका ना. जबडा हलला की रेघ बिघडते.”

“बिघडू दे. पुढचं लाव.”

‘परधर्माच्या माणसाच्या हाती मी माझं मूल निर्धास्त सोपवीन.’

“हो,” शैलजा म्हणाली. “सोपवलं होतं. रेहाना मुजावर तिचं नाव. लिहून घे.”

“मॅडम, लाट वेगळंच दाखवतेय...”

“दाखवू दे, पल्लवी. लाट माझी नाही. हे मी बोलतेय.”

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं, शैलजाकडे पाहिलं आणि मशीन थांबवलं. अहवालात तिने लिहिलं, स्नायूंच्या हालचालीमुळे आलेख अग्राह्य. नियमाप्रमाणे अग्राह्य म्हणजे लाल. दोन आठवड्यांत शैलजाला नोकरीवरून निलंबित केलं. नागपूरच्या जागेची फेरतपासणी निघाली. ऋजुताने आईचे फोन घेणं बंद केलं. बाबांना मात्र ती मेसेज करायची, की आईला समजवा, तिने वर्ग पूर्ण केला तर अजून सगळं सावरता येईल.

शैलजाने अर्जावर सही केली ती मुलीसाठी. दुसरं कारण तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

श्रवणवर्ग एका बंद पडलेल्या वाचनालयात भरत असे. वर्तमानपत्रांची लाकडी स्टँडं भिंतीला उलटी लावून ठेवली होती. सुकुमार तिला सोडायला आला. त्याने डबा भरला होता, पाण्याची बाटली घेतली होती, पाठीला लावायला उशीही आठवणीने आणली होती.

“घाबरू नकोस, शैला,” गेटपाशी तो म्हणाला. “पहिले काही दिवस जड जातात. भांडू नकोस त्यांच्याशी, दमायला होतं उगाच. मग काही वाटत नाही.”

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्यात माया होती. त्या मायेत काही खोट नव्हती.

“तुम्हाला आता काहीच वाटत नाही?”

“नाही,” तो म्हणाला, आणि उशी तिच्या हातात देऊन त्याने तिच्या साडीचा पदर नीट केला. “चार वाजता येतो न्यायला.”

आत साठ खुर्च्या होत्या. शिक्षक, कंडक्टर, एक पोस्टमन, दोन ओळखीच्या परिचारिका. कुणीच मान वर केली नाही. शैलजा आपल्या खुर्चीवर बसली, पाठीशी उशी ठेवली आणि हेडफोन कानांना लावला. एका म्हाताऱ्या बाईचा गोड आवाज आला, आणि त्या आवाजाने पहिलं वाक्य म्हटलं.

“नाही,” शैलजा मोठ्याने म्हणाली.

साठ माणसं होती, आणि साठांच्याही कानांवर हेडफोन होते. कुणाला काही ऐकू गेलं नाही. दुसरं वाक्य सुरू झालं.